बाहेरून बुजवलेलं बीळ

पोराच्या मानेवर दुधाचा थेंब पहिल्यांदा दिसला, तेव्हा गोजरला वाटलं, ओठातून ओघळला असेल. तिनं तो पदरानं टिपला. पोर पुन्हा पिऊ लागलं आणि थेंब पुन्हा आला, त्याच जागी. ओठ कोरडे होते. मग तिनं पोराला दारातल्या उजेडात आणलं, हनुवटी हलकेच वर केली आणि पाहिलं. गळ्याच्या उजव्या बाजूला, हाडाच्या थोडं वर, सुईनं टोचावं एवढं भोक होतं. पोरानं घोट घेतला होता तो त्यातूनच बाहेर येत होता.

लेकीला ती लगेच काही बोलली नाही. ओली बाळंतीण, घाबरून दूध आटलं असतं.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टोकावड्याला, गोजरचा आणि तिच्या नवऱ्याचा, कोंडूचा, चहा-भजीचा धाबा होता. आता त्या रस्त्याला पाट्या लावलेली हॉटेलं झाली आहेत, पण त्या काळी घाट चढणाऱ्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर गाडी थांबवून गोजरच्याच हातचा चहा पीत. चहा पाणचट झाला तर तोंडावर सांगत, कारण गोजरही कुणाचं काही पोटात ठेवीत नसे. कोंडू तिच्या उलट. तो दिवसभर भजी तळी, आणि बायको कुणाशी भांडू लागली की झारा जरा जास्त वाजवी, एवढाच त्याचा त्यात वाटा.

त्यांची एकुलती एक लेक अनिता. ती शहापूर तालुक्यात शेणव्याला दिलेली. नवरा हरेश आसनगावाकडे कारखान्यात कामाला, घरी सासू जनीबाई, सासरा चांगो आणि भाताची खाचरं. लग्न वैशाखातलं. मांडवात माणसं घामानं निथळत होती आणि व्याही चांगो नव्या सदऱ्यावर, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसलेला. बायका थट्टेनं हळद लावायला गेल्या, तर त्यानं गाल पुढे केले, मान दिली नाही. एरवी न बोलणाऱ्या कोंडूनंही तेव्हा बायकोच्या कानात विचारलं होतं, “इवाय आंघोळीला तरी टॉवेल सोडतात का गो?” त्यावर दोघं कितीतरी दिवस हसत होती. चांगोला ऐकूही कमी यायचं. त्याच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या आळीशी बोलायचं.

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून अनिता शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात टोकावड्याला आली होती. बारशाला शेणव्याची मंडळी आली. पोराचं नाव संदेश ठेवायचं ठरलं होतं. जनीबाई पाळण्यावर वाकली आणि तिला आधी दिसला तो पोराचा कान. कान जिथं गालाला चिकटतो तिथं, थोडा वर, मोहरीएवढा खड्डा होता. जनीबाईचं तोंड फुललं.

“हे बघा गो, देवानं टोचलंय,” ती बायकांना बोलावून दाखवू लागली. “आमच्या घराण्याची खूण हाय ही. हरेशला हाय, त्याच्या बापाला हाय. सोनार नको काय नको, देवच कान टोचून धाडतो. भाग्याचं लेकरू.”

बायकांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तेवढ्यात संदेशनं मान वळवली आणि जनीबाईला गळ्यावरचं भोक दिसलं. तिनं बोट लावून पाहिलं. बोट ओलं झालं.

“हे काय?” ती म्हणाली. मग सुनेकडे वळून, “अनिता, दिवाळीतल्या गिराणाला तू काय कापलंस?”

आदल्या वर्षीची ती दिवाळी. गणपती दूध प्यायले ते त्याच वर्षी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्याला ग्रहण लागलं होतं आणि गावोगाव लोक दारं लावून बसले होते. अनिताला तेव्हा नुकतेच दिवस गेलेले. पोटुशीनं गिराणात काही कापू नये, चिरू नये, टोचू नये, नाहीतर ते पोराच्या अंगावर उठतं, हे तिकडच्या परकऱ्या पोरींनाही पाठ होतं.

“काय नाय कापलं,” अनिता म्हणाली.

“मग हे काय उंदरानं कुरतडलं?”

अनितानं खाली पाहिलं. ती पाळण्याच्या दोरीशी चाळा करू लागली. “यांच्या सदऱ्याचं बटन लावत होते. विसरलेच होते गिराण लागलंय ते. दोरा दातानं तोडला.”

“सुई,” कुणीतरी म्हणालं, आणि बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सुईनं टोचावं एवढंच तर भोक होतं ते.

“विहीणबाय,” गोजर म्हणाली, “बारशाला आलात का पंचनामा करायला? कुर्र करा आणि पेढा खा.”

बाहेर कोंडूनं झारा वाजवला. जनीबाईनं पोराच्या कानात कुर्र केलं, पण पेढा खाल्ला नाही. हरेश दाराशी उभा होता. सदरा त्याचा, बटन त्याचं. ‘मीच लावायला सांगितलं होतं,’ एवढं तो म्हणाला असता तरी पुष्कळ झालं असतं. तो म्हणाला नाही. चांगो ओट्यावर बसून होता, गळ्यात टॉवेल, नजर रस्त्याकडे.

गोजरनं पोराला मुरबाडच्या डॉक्टरकडे नेलं. तो भला माणूस होता. म्हणाला, जन्मताच असतं हे, फार थोड्या मुलांना. आत घशापर्यंत बारीक नळी आहे. स्वच्छ ठेवा, दाबू नका, बुजवू तर मुळीच नका. थोडा मोठा झाला की मुंबईला ऑपरेशन करून अख्खी नळी काढतात, मग पोराला त्याची आठवणही राहत नाही. गोजरनं ते जसंच्या तसं लेकीला ऐकवलं, दोनदा ऐकवलं. अनितानं मान डोलावली. पण त्या दुपारी पोराला पाजून झाल्यावर ती आपलीच बोटं निरखत बसली होती.

“आये, सुई माझ्याच हातात होती ना पण.”

गोजरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जनीबाई काय म्हणते ते तिनं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं. पण तीच गोष्ट आपल्या पोटच्या पोरीच्या तोंडून यावी?

“सुईनं भोकं पडत असती तर शिंप्याची पोरं चाळणीसारखी जन्मली असती,” ती म्हणाली. “मुरबाडच्या बाजारात किती शिंपी हायत, बघ जाऊन एकेकाची पोरं.”

अनिता हसली. पण ते हसू चहावरच्या सायीसारखं, फुंकर मारली की बाजूला होणारं.

श्रावण लागला तसा हरेश येऊन दोघांना शेणव्याला घेऊन गेला. तिथं जनीबाईनं दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. एक, पोराला सुरी लावायची नाही. गिराणात पडलेल्या भोकाला पुन्हा लोखंड लागलं की ते वाढत जातं, असं तिला तिच्या सासरी कुणीतरी सांगितलेलं. हरेशनं आईला तसा शब्दही दिला. दुसरी गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही, करूनच टाकली. नातवाचं दूध थेंब थेंब वाया जातंय हे तिला बघवेना. तिनं मेण वितळवलं, त्यात हळद कालवली, कोमट झाल्यावर ते भोकावर लिंपलं आणि वर फडक्याची पट्टी बांधली. अनिता बघत होती. तिच्या जिभेवर मुरबाडच्या डॉक्टरचे शब्द होते, पण जिच्या सुईनं भोक पडलं तिनं सासूला शिकवायचं कोणत्या तोंडानं?

जनीबाई वाईट बाई नव्हती, मायेपोटीच केलं तिनं, असं पुढं गोजरला सगळ्यांनी सांगितलं. हे वाक्य ऐकलं की गोजरचं डोकं फिरायचं. वाईट असती तर बरं झालं असतं, ती म्हणायची. वाईट माणसाला निदान पोटच्या मुलानं विरोध तरी केला असता.

निरोप आला तो एसटीनंच. शहापूर गाडीच्या कंडक्टरनं मुरबाड स्टँडवर घाटाच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं आणि त्यानं टोकावड्याला उतरल्या उतरल्या हात हलवून चहा नको म्हटलं.

“मावशी, चहा ऱ्हाऊ दे. शेणव्याहून निरोप हाय. तुमच्या नातवाचा गळा सुजलाय. दूध घेत नाय.”

गोजरनं उकळता चहा तसाच सोडला. कोंडूनं काही न विचारता तिच्या हातात पिशवी दिली आणि येणारी गाडी हात दाखवून थांबवली.

शेणव्याला ती पोचली तेव्हा दारात बायका जमल्या होत्या. संदेश अनिताच्या मांडीवर. गळ्याची उजवी बाजू लालभडक, लिंबाएवढी फुगलेली, अंग तापानं पोळत होतं. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. अनितानं छातीशी धरलं की पोर तोंड उघडायचं, एक घोट घ्यायचं आणि वेदनेनं मान मागं टाकायचं. त्याच्या रडण्यात आता जोरही राहिला नव्हता. गोजरनं पट्टी सोडली. मेणाचा पिवळा चट्टा कातडीला घट्ट चिकटून बसलेला.

“कुणी लिंपलं?”

“मी लिंपलं,” जनीबाई म्हणाली. “तुमी तर गळकंच ठेवलं होतं पोर.”

गोजरनं पोराला उचललं. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला नाही की टोकावड्याला लोक चार पावलं मागं सरत, हे शेणव्याच्या लोकांना ठाऊक नव्हतं.

“विहीणबाय, खाचराच्या बांधाला चिंबोरीनं बीळ पाडलं का तुमी कुठून बुजवता?”

“हे काय मधीच?”

“सांगा ना. पाण्याच्या बाजूनं का कोरड्या बाजूनं?”

जनीबाईची नजर दारातल्या बायकांवर गेली. हे काही कुणी कुणाला शिकवायचं नव्हतं. खेकड्यानं बांध पोखरला, पाणी खालच्या खाचरात गळू लागलं, की बीळ आतून बुजवतात, पाणी जिथून शिरतं तिथून. बाहेरून चिखल थापला तर गळती थांबल्यासारखी दिसते, पण पाणी बिळात साठत राहतं, बांध आतून भुसभुशीत होतो आणि एक दिवस अख्खा बसतो.

“एवढ्या पिढ्या भात लावताय,” गोजर म्हणाली. “बांधाचं कळतं. पोराचं नाय कळलं?”

चांगो ओटीवर बसला होता. गोजर त्याच्या समोरून पोराला घेऊन गेली. त्यानं मान वर केली, पोराच्या गळ्याकडे पाहिलं आणि टॉवेलाचं टोक घट्ट खोचून घेतलं. गोजरनं ते पाहिलं, पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लावायला वेळ नव्हता.

शहापूरच्या डॉक्टरनं गळा बघताच चिठ्ठी लिहून मुंबईला, मुलांच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. आणखी एक दिवस घरी ठेवलं असतं तर श्वासच बंद झाला असता, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पू काढला, सलाईन लावलं, नाकातून नळी घालून दूध दिलं. चार-पाच दिवसांनी संदेश पहिल्यांदा जोरात रडला, तेव्हा वॉर्डातल्या दुसऱ्या आयासुद्धा हसल्या. अनिता मात्र त्या हसण्यात नव्हती. ती पोराच्या पायाशी बसून राहायची, हात पदराखाली झाकून.

हरेश रजा टाकून आला होता. डॉक्टरीणबाईंनी तिघांना समोर बसवून समजावलं.

“आईच्या पोटात बाळाचा गळा घडत असतो, तेव्हा मानेपाशी काही फटी असतात. त्या आपोआप मिटतात. याची एक मिटली नाही, तिची नळी राहून गेली. आता सूज उतरली, तरी नळी आहेच. पुन्हा पू होईल. जखम पूर्ण बसली, हा जरा मोठा झाला, की ऑपरेशन करून ती मुळापासून काढावी लागेल.”

“हे कवा होतं? पोटात?” हरेशनं विचारलं.

“दुसऱ्या महिन्याच्या सुमारास.”

हरेशनं अनिताकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गोजरला ते पाहणं थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, “मामी, डॉक्टरच बोलल्या आता. दुसरा महिना. गिराण तवाच होतं.”

“तवा भातकापणी पण होती. तुमच्या कारखान्याचा बोनस पण तवाच झाला. त्याला धरा की.”

“चिडू नका. पू काढला, पोर वाचलं, बस झालं. सुरी नको. आईला शब्द दिलाय मी.”

“आणि पोराला?”

हरेश खिडकीबाहेर पाहू लागला. बापाच्या संमतीशिवाय ऑपरेशन होणार नव्हतं, आणि बाप आईच्या शब्दात अडकून बसलेला. गोजरला त्याचे दोन्ही खांदे धरून हलवावंसं वाटलं. जावई होता म्हणून हात राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या. संदेशचं डोकं एका कुशीला होतं. त्यांचं लक्ष त्याच्या कानाकडे गेलं. त्यांनी वाकून तो मोहरीएवढा खड्डा पाहिला, मग मान वर करून हरेशच्या कानाकडे.

“हे तुम्हालाही आहे?”

“घराण्यातच आहे,” हरेश म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती जरा पुढं आली. “बाबांनाही आहे. देवानं टोचलेलं.”

“कानाजवळचा खड्डा आणि मानेतली नळी, काही घराण्यांत दोन्ही बरोबरच चालत येतात. आजोबाकडून बापाला, बापाकडून मुलाला. कुणाला थोडं, कुणाला जास्त. काहींना ऐकूही कमी येतं. तुमच्या वडिलांच्या मानेला काही आहे?”

“नाय. बाबांना काय नाय.”

गोजर पोराच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

“हरेशराव,” ती म्हणाली, “तुमी बाबांची मान कवा बघितलीत?”

हरेश आठवत राहिला, आणि त्याला आठवताना पाहून अनितानं पदराखालचे हात बाहेर काढले.

“त्यांना थंडी बाधते,” शेवटी तो म्हणाला.

“वैशाखात?”

गोजर हरेशला घेऊन शेणव्याला उतरली. घरी बसून, दार लावून बोलायचं असं तिनं गाडीत ठरवलं होतं. पण चांगो घरी नव्हता, शेतावर गेला होता. भात गुडघ्यावर आलं होतं, शेजारच्या खाचरात बायका वाकून बेणणी करत, तण उपटत होत्या. चांगो बांधापाशी ओणवा होता. त्यानं पाण्यात हात घालून चिंबोरीचं बीळ शोधलं होतं आणि दगड-चिखल आतल्या तोंडात ठासून भरत होता. आतल्या. गोजरनं ते पाहिलं आणि दार लावून बोलायचा तिचा विचार तिथंच संपला.

“इवाय.”

त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, मोठ्यानं.

“अरे, कवा आलात? पोर बरं हाय ना?”

“बरं हाय. टॉवेल सोडा.”

“आँ?”

“टॉवेल.”

“टॉवेल पायजे? हा मळलाय. घरात हाय धुतलेला, जनीकडं मागा.”

शेजारच्या खाचरात एक पोरगी फिस्सकन हसली.

“मला नको टॉवेल,” गोजर ओरडली. “तुमच्या गळ्याचा सोडा.”

हे एवढ्या मोठ्यानं म्हणावं लागलं, की बेणणीच्या बायकांनी कमरा सरळ केल्या. एक-दोघी हात धुवायच्या निमित्तानं बांधाजवळ आल्या. तिकडून भाकरीची टोपली घेऊन जनीबाई येत होती, तिनं पावलं उचलली.

“विहीणबाय, चारचौघांत हे काय चालवलंय? घरात चला. काय बोलायचं ते घरात बोलू.”

“घरात बोललेलं ह्यांना ऐकू येत नाय. आणि माझ्या लेकीच्या सुईचं तुमी कुठं घरात बोललात? पाणवठ्यावर बोललात, गिरणीत बोललात. ह्या सगळ्या बायांना ठाऊक हाय ते. का गो, ठाऊक हाय ना?”

कुणीही नाही म्हणून मान हलवली नाही.

“त्यांना थंडी बाधते,” जनीबाई म्हणाली.

“हा टॉवेल धुतं कोण, विहीणबाय?”

जनीबाईनं टोपली बांधावर ठेवली.

“लग्न झाल्यापासून रोज धुताय. त्याला काय लागलेलं असतं ते तुमाला म्हाईत नाय? आणि तुमी माझ्या पोरीला इचारता, काय कापलंस?”

चांगोला शब्द कळले असतील-नसतील. पण त्यानं बायकोचं तोंड पाहिलं, मग पाठीमागं उभ्या असलेल्या मुलाचं पाहिलं. खाचराच्या पाण्यात हात धुतले. धोतराला पुसले. आणि सावकाश, एक एक वेढा काढत, त्यानं टॉवेल सोडला.

आतली मान उन्हाचं तोंड न पाहिलेली, पांढुरकी. तिच्यावर दोन डाग, तापलेल्या लोखंडाचे, जुने, कातडी चुण्या पडून आकसलेली. आणि त्या चुण्यांच्या खाली, जिथं संदेशला होतं बरोबर तिथं, एक बारीक ओला थेंब उन्हात चकाकत होता.

“बाबा,” हरेश म्हणाला.

“ल्हानपणी डाग दिला,” चांगो म्हणाला. आपण किती मोठ्यानं बोलतो ते बहिऱ्याला कळत नाही, म्हणून ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. “बुजलं नाय. मंग दुसरा दिला. माझ्या आयला बोलले, गिराणात विळा धरलास. तिला म्हायेरी धाडली. मला इथंच ठेवला. ती परत आली नाय.”

बेणणीच्या बायकांमधली एक म्हातारी ‘अरे देवा’ म्हणत मटकन बांधावर बसली. तिला आठवत असावं.

गोजर तोंडात शब्द भरून आली होती. त्यातले अर्धे या उत्तरानं गळून गेले. आणि मग राग दुपटीनं वर आला. ज्या एका शब्दानं या माणसाची आई नेली, तोच शब्द बारशाला त्याच्या कानाशी बोलला गेला. त्याच्याच बायकोकडून, त्याच्याच सुनेला. त्याच्या नातवाच्या गळ्यावर मेण लिंपलं जात होतं तेव्हा हा माणूस दोन डाग मानेवर घेऊन ओटीवर बसला होता. बुजवून बुजत नाही, हे साऱ्या शेणव्यात याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

“मग तुमी गप्प कसे ऱ्हायलात?”

“आँ?”

“गप्प कसे ऱ्हायलात?”

चांगोनं तिच्याकडे पाहिलं. “मला ऐकू येत नाय,” तो म्हणाला, आणि पुन्हा चिखलात हात घातला.

आत्ताचं ऐकू आलं नाही म्हणाला, की तेव्हाचं, ते गोजरला कधीच कळलं नाही. पण ऐकू न येणं माणसाला किती सोयीचं पडतं, हे तिला त्या बांधावर उभ्या उभ्या कळलं. ती मागं वळली.

“हरेशराव, आता इचारा आईला. सुई कुणाची?”

हरेशनं विचारलं नाही. त्यानं फक्त आईकडे पाहिलं, जसं हॉस्पिटलात बायकोकडे पाहिलं होतं तसं. जनीबाईनं पदर तोंडाला लावला.

“मामी,” तो म्हणाला, “चला. परतीची गाडी गेली तर खोळंबा होईल. डॉक्टरांना सांगून टाकू, ऑपरेशन करायचं.”

ऑपरेशन लगेच झालं नाही. जखम पुरती सुकावी लागली, पोर रांगू लागलं, चालू लागलं, मग झालं. नळी घशापर्यंत मुळासकट काढली. मानेवर एक आडवी बारीक रेघ राहिली, गळ्याच्या घडीत लपून जाणारी. शुद्धीवर आल्यावर संदेश पहिल्यांदा वाटीभर दूध प्यायला, तेव्हा अनिता त्याच्या मानेला तळहात लावून बसली होती. तळहात कोरडा राहिला. ती रडली. गोजर रडली नाही. ती म्हणाली, “आता तरी हात पदराखाली झाकू नको.”

पण एवढ्यानं सगळं मिटलं असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी चांगोनं टॉवेल पुन्हा गुंडाळला होता. आळीतल्या पोरांनी संदेशचं नाव ‘गिराण्या’ पाडलं ते पाडलंच. गोजर शेणव्याला गेली की एकेका पोराला धरून कान पिळायची, “संदेश म्हण. म्हण संदेश.” त्यांच्या आया आत बसून हसायच्या. बांधावर ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यासुद्धा.

नव्याण्णव साली, दिव्यांच्या अवसेला, पुन्हा सूर्यग्रहण आलं. दिवस मावळायच्या आधीचं. अनिताला तेव्हा पुन्हा दिवस गेले होते. गोजरनं कोंडूवर धाबा टाकला आणि सकाळच्याच गाडीनं शेणवं गाठलं. कुणी बोलावलं नव्हतं.

आभाळ भरलेलं, सूर्य कुठं आहे तेही दिसत नव्हतं. तरी वेळ झाली तशी आळीतली दारं पटापट लागली. जनीबाईनं पाण्याच्या हंड्यात तुळशीची पानं टाकली आणि माजघरात जाऊन बसली.

“अनिता, आत ये,” तिनं हाक मारली. मग जरा थांबून, “नाय आलीस तरी चालंल. मी काय बोलले नाय.”

“ऐकलं का आये, सुधारल्या,” अनिता हळूच म्हणाली. ती ओटीवर गोजरशेजारी बसली होती. हसत होती, पण हात मांडीत घट्ट धरलेले. गोजरनं ते हात पाहिले. अंगणात संदेश उघड्या मानेनं एका काठीचा घोडा करून पळत होता.

चांगो घरातून बाहेर आला. त्याच्या एका हातात कात्री होती, दुसऱ्या हातात टॉवेल. मान उघडी. गोजरला वाटलं, आंघोळीला निघाला असेल. तो सुनेसमोर उभा राहिला. टॉवेल तिच्या मांडीवर ठेवला, वर कात्री ठेवली.

“काप,” तो म्हणाला, त्याच्या त्या मोठ्या आवाजात. समोरच्या घराची खिडकी किलकिली झाली. “जुना हाय, मऊ हाय. होणाऱ्या पोराला लंगोट होतील.”

अनितानं आईकडे पाहिलं. गोजर चांगोकडे पाहत होती. तीन वर्षं उशिरा आला होता म्हातारा. आईच्या वेळचं धरलं तर सगळा जन्मच उशिरा. तिला त्याचं कौतुक करावंसं मुळीच वाटलं नाही.

“धुतलाय का?” तिनं मोठ्यानं विचारलं.

त्याला ते बरोबर ऐकू गेलं.

“धुतलाय. मी धुतलाय,” तो म्हणाला.

अनितानं टॉवेल उलगडला, मधोमध दुमडला आणि कात्री हातात घेतली. गोजरनं टॉवेलाचं दुसरं टोक धरून ताणलं.

“सरळ काप,” ती म्हणाली. “वाकडं गेलं तर लंगोट सुटतो.”